तीन विषयांचा एक प्रबंध होतो का?

सोलापुरातील एका वाणिज्य महाविद्यालयात लेखाशास्त्र शिकवणाऱ्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्या एम.कॉम. आणि सेट उत्तीर्ण असून नोकरी सांभाळून त्यांनी एलएल.बी. पूर्ण केले आहे. सासऱ्यांनी जुळे सोलापूर भागातील घरावर सौर पॅनेल आणि सोबत बॅटरी बसवून घेतली, तेव्हा पावती, हमीपत्र आणि महावितरणशी झालेला नेट मीटरिंगचा (जादा सौर वीज कंपनीला देऊन ती बिलात वळती करून घेण्याचा) करार ही सगळी कागदपत्रे यांनीच हाताळली. हमीपत्रात बॅटरीचे आयुष्य ‘दहा वर्षे किंवा सहा हजार सायकल, यांपैकी जे आधी होईल ते’ असे लिहिलेले होते (बॅटरी एकदा पूर्ण भरून वापरली की एक सायकल). वर्गात घसाऱ्याचे, म्हणजे वस्तूची किंमत तिच्या आयुर्मानावर खर्च म्हणून वाटून टाकण्याचे, उदाहरण घालताना आपण ‘आयुर्मान दहा वर्षे धरा’ असे सहज सांगून टाकतो, ते इथे कसे धरायचे, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्यातून पीएच.डी.चा विषय सुचला : ‘गृह ऊर्जा साठवणूक : कायदा, लेखाशास्त्र आणि लेखाशिक्षण यांचा आंतरविद्याशाखीय अभ्यास’. मार्गदर्शक म्हणाले, “मॅडम, हे तीन प्रबंध आहेत. एक धरा.” कायदा शिकवणाऱ्या परिचितांनी ‘हा कायद्याचा विषयच नाही’ असे सांगितले. पत्रलेखिकेचे दीर सौर यंत्रणा बसवण्याचा व्यवसाय करतात आणि त्यांनी आपल्या ग्राहकांची यादी माहितीसाठी देऊ केली आहे. विद्यापीठाच्या संशोधन आणि मान्यता समितीपुढे दोन महिन्यांत आराखडा मांडायचा आहे. दोन विषय सोडून द्यावेत, मार्गदर्शक बदलावा, की पीएच.डी.चा विचारच सोडावा, असे त्या विचारतात.

ताई, तुमच्या मार्गदर्शकांचे ते वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिले आहे, त्यावरून ते तुम्हाला किती लागले आहे हे कळते. पण ते वाक्य पुन्हा एकदा शांतपणे वाचा. तुमचा विषय वाईट आहे किंवा तुमच्याने तो होणार नाही, असे त्यांनी म्हटलेले नाही. त्यांच्यापुढे जे शीर्षक आले त्यात तीन क्षेत्रांची नावे आहेत आणि ‘अभ्यास’ हा शब्द आहे. त्या अभ्यासातून नेमके काय शोधून काढायचे आहे, हे त्यात कुठेच नाही. शीर्षक असे असेल तर समितीतला कोणताही अनुभवी सदस्य हेच म्हणेल. तेव्हा ‘तीन की एक’ हा पेच मला खरा वाटत नाही. तुमच्याकडे क्षेत्रे तीन आहेत आणि प्रश्न अजून एकही नाही, अडचण इथे आहे. प्रश्न एक असेल तर त्याच्या उत्तरासाठी तीन शास्त्रांचे दरवाजे ठोठवावे लागले तरी कोणी हरकत घेत नाही.

मला सांगायला आनंद वाटतो की तो प्रश्न तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही तो प्रस्तावना म्हणून लिहून पुढे गेलात. हमीपत्रातल्या त्या एका ओळीपाशी थोडे थांबू या.

समजा, घरातल्या बॅटरीची क्षमता पाच युनिट आहे, तिच्यातून रोज चार युनिट काढता येतात आणि ती दीड लाख रुपयांना पडली. हे आकडे केवळ हिशेब मांडण्यासाठी धरले आहेत. दहा वर्षांचे आयुर्मान धरून स्थिर हप्ता पद्धतीने, म्हणजे दर वर्षी सारखाच, वर्षाला पंधरा हजार रुपये घसारा आला, आणि वर्गातले उदाहरण इथेच संपते. आता दोन घरे घ्या. पहिल्या घरात दिवसा भरलेली बॅटरी रोज रात्री पूर्ण वापरली जाते. तिथे दहा वर्षांत १४,६०० युनिट निघतील आणि साठवणुकीचा खर्च युनिटमागे सुमारे १० रुपये २७ पैसे पडेल. दुसऱ्या घरात बॅटरी फक्त वीज गेल्यावर चालते आणि सरासरीने दिवसाला एकच युनिट खर्ची पडते. तिथे दहा वर्षांत ३,६५० युनिट निघतील आणि तोच खर्च युनिटमागे ४१ रुपयांच्या वर जाईल. दोन्ही घरांच्या वहीत घसारा मात्र दर वर्षी पंधरा हजारच दिसेल. भरताना आणि काढताना होणारी तूट यात अजून धरलेलीच नाही.

हमीपत्रातल्या ‘सहा हजार सायकल’ या मोठ्या आकड्याचे काय होते तेही पाहा. रोज एक पूर्ण सायकल धरली तरी दहा वर्षांत ३,६५० सायकल होतात, म्हणजे सहा हजारांचा आकडा गाठायला सोळा वर्षांहून अधिक काळ लागेल. ‘जे आधी होईल ते’ या अटीत सर्वसाधारण घरासाठी आधी वर्षेच संपतात, आणि विक्रेता ज्या आकड्यावर बोट ठेवून बॅटरी विकतो तो आकडा त्या घराच्या वाट्याला कधी येतच नाही. हे गणित बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही जमेल, पण ते करायचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि हे सगळे सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये घडते, जिथे पारा चाळिशीच्या वर जातो आणि जिन्याखाली किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी त्याहूनही अधिक तापते. जुन्या शिसे-आम्ल बॅटरीबाबत ठोकताळा असा आहे की तापमान दर दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्म्यावर येते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी अधिक काटक असली तरी उष्णतेने तिचीही झीज वाढते. तुमच्या हमीपत्रात भोवतालच्या तापमानाची अट आहे का आणि क्षमता किती टक्क्यांवर आली म्हणजे बॅटरी निकामी धरली जाईल, या दोन गोष्टी आजच पाहून ठेवा.

म्हणजे एकाच वस्तूची तीन आयुष्ये झाली : हमीपत्राने कायद्याच्या भाषेत कबूल केलेले, लेखापालाने वहीत धरलेले आणि सोलापूरच्या उन्हात प्रत्यक्ष लाभणारे. यंत्रे, इमारती अशा मालमत्तेचा हिशेब कसा ठेवावा हे सांगणारे लेखा मानक १० तर उपयुक्त आयुर्मानाची व्याख्याच दोन अंगांनी करते : मालमत्ता वापरासाठी उपलब्ध राहील असा काळ, किंवा तिच्यातून मिळतील असे उत्पादनाचे अथवा तत्सम एकक. दरवर्षी त्या अंदाजाचा फेरविचार करावा, असेही ते मानक सांगते. हे आपण मुलांना शिकवतो, पण फेरविचार करायला लावेल अशी एकही वस्तू त्यांच्यापुढे ठेवत नाही. यंत्रसामग्री, फर्निचर, मोटारगाडी आणि ‘आयुर्मान दहा वर्षे धरा’. ‘धरा’ म्हटले की विद्यार्थ्याची विचार करण्याची गरजच संपते. तुमच्या प्रबंधाचा गाभा मला इथे दिसतो, आणि तो लेखाशिक्षणाचा गाभा आहे.

आता तुमच्या पत्रातली काही गृहीते तपासू या, कारण आराखडा त्यांच्यावर उभा राहिला तर समितीपुढे डगमगेल.

पहिले गृहीत असे की घरातल्या बॅटरीला लेखाशास्त्राचे नियम लागू आहेत. तसे ते नाहीत. घरखर्चाच्या वहीला लेखा मानक बांधत नाही आणि कोणताही लेखापरीक्षक तुमच्या सासऱ्यांना घसारा विचारणार नाही. त्यामुळे ‘गृह ऊर्जा साठवणुकीचे लेखांकन’ असा विषय मांडलात तर पहिला प्रश्न येईल, ‘कोणाच्या पुस्तकात?’ त्याचे एक उत्तर आहे : सहकारी गृहनिर्माण संस्था. लिफ्ट, बोअरची मोटर आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी संस्थेने गच्चीवर पॅनेल आणि खाली बॅटरी बसवली, की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली ठेवायच्या हिशेबात ती येते, तिचे लेखापरीक्षण होते आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासद प्रश्न विचारतात. बॅटरी बदलायची वेळ आली तर पैसा सिंकिंग फंडातून (मोठ्या खर्चासाठी साठवत ठेवलेल्या निधीतून) घ्यायचा की नवी वर्गणी काढायची, हा वाद आयुर्मानाच्या अंदाजावरच उभा असतो.

दुसरे उत्तर सोलापूरच्या गल्लीबोळांत आहे. इथे घरातच गणवेश शिवणारी, घराच्या पुढच्या खोलीत यंत्रमाग किंवा शिलाई यंत्रे चालवणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. अशा घरातल्या बॅटरीवर रात्री पंखे चालतात आणि दिवसा वीज गेली की शिलाई यंत्रे चालतात. ती वस्तू घरगुती की धंद्याची? महावितरणच्या आजवरच्या दरपत्रकांत, घराच्या काही भागात छोटा व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटांच्या मर्यादेत असेल तर त्याला घरगुती दरच लावण्याची तरतूद राहिली आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू वापरणारा ग्राहकच राहतो. म्हणजे बॅटरी दोन वर्षांत निकामी झाली, तर त्या शिलाईकाम करणाऱ्या बाईंना जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येईल का, याचे उत्तर वापराच्या स्वरूपावर अवलंबून आहे. आणि तो वापर कागदावर दाखवायचा तर खर्चाची घरगुती आणि व्यावसायिक अशी विभागणी त्यांना नोंदवता आली पाहिजे. कायदा, हिशेब आणि वीज या तिन्ही गोष्टी इथे एकमेकींपासून सोडवता येत नाहीत. तुमच्या कायद्याच्या परिचितांना हे उदाहरण द्या आणि मग हा कायद्याचा विषय आहे की नाही ते विचारा.

तरीही, आणि इथे तुमचे दुसरे गृहीत येते, तुम्ही कायद्याचा जो भाग पत्रात योजला आहे तो फार पसरट आहे. विद्युत अधिनियम, २००३ पासून सुरुवात करून वीज ग्राहकांच्या हक्कांचे २०२० चे नियम, त्यांतली वीज वापरणारा आणि पुरवणाराही असलेल्या ग्राहकाची संकल्पना, साठवण यंत्रणेला वीजव्यवस्थेचा भाग मानणारी डिसेंबर २०२२ ची नियमदुरुस्ती, दिवसाच्या वेळेनुसार दर आणणारी २०२३ ची दुरुस्ती, राज्य वीज नियामक आयोगाचे २०१९ चे छतावरील यंत्रणांचे विनियम आणि बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ असा सगळा पट तुम्हाला एका प्रकरणात मांडायचा आहे. तो मांडता येईल, पण त्यातून वाचकाच्या हाती नियमांची जंत्री येईल. तुमच्या प्रश्नाला या पटातले तेवढेच धागे हवेत, जे आयुर्मानाच्या अंदाजावर परिणाम करतात. हमीचा कायदा हवाच. वेळेनुसार बदलणारा दर हवा, कारण तो बॅटरीचा रोजचा वापर आणि म्हणून तिचे युनिटमागचे मोल बदलतो. आयुष्य संपल्यावर जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता वेगळी, अधिकृत ठिकाणी देण्याची ग्राहकावरची जबाबदारी हवी, कारण तिच्यामुळे अवशिष्ट मूल्याचा, म्हणजे शेवटी उरणाऱ्या किमतीचा, अंदाज बदलतो. बाकीचे संदर्भापुरते ठेवा.

वाचकांपैकी जे कोणी असाच दोन-तीन विषयांचा आराखडा घेऊन बसले असतील, त्यांनाही उपयोगी पडेल अशी एक कसोटी सांगते. आपला संशोधनप्रश्न एका वाक्यात लिहावा, त्या वाक्याला प्रश्नचिन्ह असावे आणि मग एकेक क्षेत्र त्यातून पूर्णपणे खोडून पाहावे. खोडल्यावरही प्रश्न जसाच्या तसा उभा राहिला तर ते क्षेत्र प्रबंधात केवळ शोभेला होते. प्रश्न कोसळला तर ते आवश्यक आहे, आणि ते का आवश्यक आहे याचे उत्तरही त्याच क्षणी मिळते. समितीपुढे हेच उत्तर द्यायचे असते.

तुमच्यासाठी मी असा प्रश्न मांडून पाहते : खऱ्या घरगुती बॅटरीची पावती, हमीपत्र आणि वीजबिल हाताळून उपयुक्त आयुर्मानाचा अंदाज करायला शिकलेले बी.कॉम.चे विद्यार्थी, पाठ्यपुस्तकी उदाहरणांवर शिकलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा, तो अंदाज अधिक सकारण रीतीने करतात का? यातून कायदा खोडला तर हमीपत्र निव्वळ एक कागद उरतो आणि ‘जे आधी होईल ते’ वाचायचे कसे हे कळत नाही. बॅटरी खोडली तर दोन अंगांनी मोजले जाणारे आयुष्य जाते आणि यंत्रसामग्रीचे जुने उदाहरण परत येते. लेखाशिक्षण खोडले तर काहीच उरत नाही. म्हणजे घर लेखाशिक्षणाचे आणि इतर दोघे त्या घरात कामाला आलेले. तुमचे वाक्य याहून वेगळे असू शकते. ते तुमचेच असायला हवे. पण ते इतके अरुंद असू द्या.

पावती हातात घेतलीत की तिच्यातूनच अभ्यासाचे साहित्य निघेल. बहुतेक घरांना पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांची एकच एकत्रित रक्कम सांगितली जाते. पॅनेल पंचवीस वर्षे चालण्याच्या हिशेबाने घेतले जाते, इन्व्हर्टर आणि बॅटरी त्याच्या निम्म्यापर्यंतही पोहोचतील याची खात्री नसते; म्हणजे घटक वेगळे करून घसारा काढण्याचे लेखा मानक १० मधले तत्त्व इथे पुस्तकाबाहेर येते. पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर ठरते, तीन किलोवॉट आणि त्यापुढे कमाल ७८,००० रुपये, आणि बॅटरीला ते मिळत नाही. म्हणून अनुदान वजा करताना ते कोणत्या घटकातून करायचे, हा सरकारी अनुदानांविषयीच्या लेखा मानक १२ चा प्रश्न आपोआप उभा राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे आणि बॅटरीवर १८ टक्के. एकाच पावतीतल्या एकाच रकमेची फोड कशी केली यावर कर बदलतो. महावितरणकडे जमा राहिलेले जादा युनिट हे रोख नाहीत, तरी त्यांना किंमत आहे, मग ते काय आहेत? एका वर्गाला एवढे प्रश्न महिनाभर पुरतील.

संशोधनाच्या मांडणीबद्दल मात्र सावध राहा. दोन तुकड्यांना दोन रीतींनी शिकवायचे आणि गुणांची तुलना करायची, हा मोह स्वाभाविक आहे, पण दोन्ही तुकड्यांना तुम्हीच शिकवणार असाल तर आवडत्या पद्धतीला तुमच्या नकळत अधिक जीव लावाल. निदान उत्तरपत्रिका तपासणारी व्यक्ती दुसरी असावी आणि कोणती उत्तरपत्रिका कोणत्या तुकडीची हे तिला कळू नये. सुरुवातीला दोन्ही तुकड्यांची एक चाचणी घेतल्याशिवाय शेवटच्या चाचणीला अर्थ नाही. तुमच्याच विद्यार्थ्यांना तुमच्याच संशोधनात घेताना प्राचार्यांची लेखी परवानगी आणि विद्यार्थ्यांची संमती घ्या, आणि नकार देणाऱ्याच्या अंतर्गत गुणांना धक्का लागणार नाही हे त्यांना स्पष्ट सांगा. शिक्षक समोर उभा असताना विद्यार्थी सहसा नाही म्हणत नाही. एका महाविद्यालयावर निष्कर्ष काढू नका. बार्शी, पंढरपूर किंवा अक्कलकोटच्या एखाद्या महाविद्यालयातल्या सहकाऱ्याला बरोबर घ्या. आपल्या वर्गांत तेलुगू आणि कन्नड घरांतली मुलेही मोठ्या संख्येने असतात आणि हमीपत्र बहुधा इंग्रजीत असते. मुलाला अडलेले लेखाशास्त्र की अडलेली इंग्रजी, हे चाचणीने वेगळे ओळखले पाहिजे.

आता नोंदणीचे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्याशाखा चार आहेत : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. ऊर्जा साठवणूक पहिलीत मोडते, लेखाशास्त्र दुसरीत, कायदा तिसरीत आणि शिक्षणशास्त्र चौथीत. तुमचे शीर्षक चारही विद्याशाखांच्या उंबऱ्यांवर एकाच वेळी उभे आहे, म्हणून कोणालाच ते आपले वाटत नाही. कायद्यातल्या पीएच.डी.साठी सर्वसाधारणपणे एलएल.एम. लागते, त्यामुळे तो मार्ग तुमच्यासाठी आज खुला नाही. नोंदणी वाणिज्यातच करा आणि कायद्यासाठी सह-मार्गदर्शक मागा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच.डी.विषयक २०२२ च्या विनियमांत, सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने, दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सह-मार्गदर्शक घेण्याची सोय आहे. अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात यासाठी कोणता अर्ज आणि कोणती मुदत आहे, ते पीएच.डी. विभागात प्रत्यक्ष जाऊन विचारा. ऐकीव माहितीवर राहू नका.

मार्गदर्शक बदलण्याचा विचार मी तूर्त बाजूला ठेवला असता. ज्यांनी शीर्षक पाहताच त्यातला दोष ओळखला, ते पुढेही प्रकरण वाचून खरे बोलतील, आणि असा माणूस पाच वर्षांच्या कामात मोलाचा असतो. नवा, अरुंद प्रश्न दाखवल्यावरही त्यांनी ‘बॅटरी नको, बँकिंग घ्या’ असा हट्ट धरला, तर मात्र बदलाचा विचार करायला हरकत नाही, कारण तेव्हा मतभेद विषयाच्या आकाराचा राहिलेला नसेल. आधी त्यांना ती संधी द्या.

पीएच.डी. सोडण्याबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिले आहे आणि त्याच ओळीत सहयोगी प्राध्यापकपदासाठी ती लागते हेही लिहिले आहे. पदोन्नतीसाठी पदवी हवी असणे यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त एवढे पाहा की पदवीसाठी काम आणि या बॅटरीच्या प्रश्नाबद्दलची ओढ यांना एकाच प्रबंधात पूर्ण न्याय मिळालाच पाहिजे, असा आग्रह तुम्ही धरला आहे. गृहनिर्माण संस्थांच्या हिशेबांवर एक लेख, शिलाईकाम करणाऱ्या घरांच्या ग्राहकहक्कांवर दुसरा लेख, असे प्रबंधाबाहेरही लिहिता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्याच विनियमांप्रमाणे प्रबंधाला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात, पुनर्नोंदणीने दोन वर्षे वाढवता येतात आणि महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. तरी पहिल्याच आराखड्यात त्या सवलतीवर भिस्त ठेवू नका. आणि लेख कुठे छापायचा यात घाई करू नका. अनेक विषयांना स्पर्श करणाऱ्या लेखांना पैसे घेऊन आठवड्याभरात छापणारी ‘बहुविद्याशाखीय’ नियतकालिके लगेच गाठतात. आता प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख छापलाच पाहिजे अशी आयोगाची सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे थांबणे तुम्हाला परवडेल.

दिरांच्या यादीबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ती घेऊ नका. त्या लोकांनी आपली नावे आणि फोन क्रमांक पॅनेल बसवण्यासाठी दिले होते, भावजयीच्या संशोधनासाठी दिलेले नाहीत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा अधिनियम तुम्ही कायद्याच्या विद्यार्थिनी म्हणून माझ्याहून चांगला जाणता. दुसरे असे की ज्यांची यंत्रणा तुमच्या घरच्या माणसाने बसवली आहे, ते बॅटरी लवकर निकामी झाली हे तुम्हाला मोकळेपणाने सांगणार नाहीत. आणि तुमचे निष्कर्ष उद्या दिरांच्या विक्रीला बाधक किंवा पोषक निघाले, तर दोन्ही बाजूंनी लोक बोट दाखवतील. भाऊजींनी प्रेमाने मदत देऊ केली आहे, तिला नकार देताना कारण विद्यापीठाच्या नियमांचे सांगा, त्यांच्या व्यवसायावर अविश्वास असल्यासारखे वाटू देऊ नका. त्यांच्याकडून एक मदत जरूर घ्या : नावे काढून टाकलेली, वेगवेगळ्या कंपन्यांची कोरी हमीपत्रे आणि माहितीपुस्तके. ती सार्वजनिक स्वरूपाची असतात आणि तुमच्या वर्गासाठी तेवढी पुरेत. दीर या व्यवसायात आहेत, हे आराखड्यात आणि प्रबंधात एका वाक्यात नोंदवून ठेवा. घरे शोधण्यासाठी गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांना पत्रे लिहा, सूचनाफलकावर निवेदन लावा. प्रतिसाद कमी येईल, पण जो येईल तो स्वेच्छेचा असेल. वादांच्या अभ्यासासाठी वीज ग्राहकांसाठीचे तक्रार निवारण मंच आणि विद्युत लोकपाल यांचे आदेश सर्वांना वाचायला खुले आहेत, ते कोणाच्याही यादीवाचून मिळतात.

समितीच्या बैठकीआधीचे दोन महिने असे वापरा. पहिल्या आठवड्यात प्रश्नाचे वाक्य लिहा आणि खोडून पाहण्याची कसोटी लावा. मग एकाच तुकडीवर, कोणतीही तुलना न करता, सासऱ्यांच्या बॅटरीचे नाव-पत्ता झाकलेले हमीपत्र देऊन एक तास घ्या आणि मुले कुठे अडतात ते त्याच दिवशी लिहून ठेवा. आराखड्यातला सर्वांत जिवंत परिच्छेद त्या टिपणातून येईल. त्यानंतर एका पानाचा आराखडा घेऊन मार्गदर्शकांकडे जा. जुने शीर्षक बरोबर नेऊ नका. सह-मार्गदर्शकाचा अर्ज मात्र त्याच भेटीत त्यांच्यापुढे ठेवा, कारण दोन विद्याशाखांच्या सह्या व्हायला वेळ लागतो आणि तो कागद बैठकीच्या आधी पोहोचायला हवा.